मलबार टेकडी निसर्ग उन्नत मार्ग

मलबार टेकडी निसर्ग उन्नत मार्ग हा दक्षिण मुंबईतील मलबार टेकडीच्या वनराईतून जाणारा, जमिनीपासून उंच खांबांवर उभारलेला पादचारी मार्ग आहे. कमला नेहरू उद्यानाजवळ असलेला हा मार्ग बृहन्मुंबई महानगरपालिकेने बांधला असून ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो नागरिकांसाठी खुला करण्यात आला. त्याची लांबी ४८५ मीटर आणि रुंदी २.४ मीटर आहे. मुंबईतील अशा प्रकारचा हा पहिलाच मार्ग होय.

स्थान व परिसर

मलबार टेकडी ही मुंबई बेटाच्या नैऋत्य टोकाकडील सुमारे ५० मीटर उंचीची बेसॉल्ट खडकाची टेकडी आहे. तिच्या एका बाजूस अरबी समुद्र, तर दुसऱ्या बाजूस गिरगाव चौपाटी आहे. माथ्यावर कमला नेहरू उद्यान आणि जलाशयावर वसवलेले फिरोजशहा मेहता उद्यान ही दोन प्रसिद्ध सार्वजनिक उद्याने आहेत. उन्नत मार्गाचे प्रवेशद्वार सिरी मार्गावर आहे.

वनराई

दाट लोकवस्तीच्या या भागात झाडी टिकून राहण्याचे मुख्य कारण जमिनीच्या वापरात आढळते. टेकडीवरील डुंगरवाडी ही पारशी समाजाची अंत्यविधीची जागा सुमारे ५५ एकरांवर पसरलेली असून तेथील दखम्यांभोवतीची झाडी श्रद्धेमुळे अबाधित राहिली. टेकडीच्या टोकाशी असलेले राजभवन आणि महापालिकेची उद्याने यांमुळेही बांधकामास आळा बसला. मावळ, मुळशी व भीमाशंकर परिसरातील देवराया ज्या कारणाने कुऱ्हाडीपासून वाचल्या, त्याचेच हे शहरी रूप म्हणता येईल.

ही वनराई वर्षावन नाही. मुंबईत वर्षाकाठी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उरलेले सुमारे आठ महिने कोरडे जातात. त्यामुळे येथे पानगळीच्या व सदाहरित झाडांचे मिश्रण दिसते आणि त्यांत माणसाने लावलेल्या झाडांचाही मोठा वाटा आहे. पावसाळ्यात हा उतार गर्द हिरवा होतो, तर फाल्गुन-चैत्रात अनेक झाडांची पाने गळून समुद्र अधिक स्पष्ट दिसतो. टेकडीवर राखी धनेश, तांबट, कोकीळ, घार इत्यादी पक्षी आढळतात.

रचना

हा मार्ग सरळ रेषेत नसून झाडांच्या मधून वळणे घेत जातो. चालण्यासाठी लाकडी फळ्यांचा पृष्ठभाग असून दोन्ही बाजूंना कठडे आहेत. वाटेत पक्षिनिरीक्षणासाठी थांबण्याची जागा, तळाशी काच बसवलेला प्रेक्षणमंच आणि गिरगाव चौपाटीचे दृश्य दिसणारे ठिकाण आहे. या प्रकल्पासाठी सिंगापूरमधील वनमार्गांचा आदर्श समोर ठेवण्यात आला होता.

उन्नत मार्गाचा मुख्य हेतू पर्यटकांचे पाऊल मातीवर पडू न देणे हा असतो. जमिनीवरील पायवाटेने सतत ये-जा झाल्यास माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, रोपे तुडवली जातात आणि उतारावर पावसाच्या पाण्याच्या घळी पडतात. खांबांवरील मार्गात केवळ खांबांच्या पायापुरतीच जमीन व्यापली जाते; खालून पाणी वाहू शकते व लहान प्राण्यांची ये-जा चालू राहते. मलबार टेकडीच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२० मधील अतिवृष्टीत या टेकडीच्या उतारावर दरड कोसळून खालील रस्त्याची हानी झाली होती. उतारावरील माती धरून ठेवण्यात झाडांच्या मुळांचा वाटा मोठा असल्याने येथील झाडी हा केवळ सौंदर्याचा विषय राहत नाही.

प्रवेश

मार्ग पहाटे ५ ते रात्री ९ या वेळेत खुला असतो. उद्घाटनाच्या वेळी भारतीय नागरिकांसाठी २५ रुपये व परदेशी नागरिकांसाठी १०० रुपये प्रवेशशुल्क ठरवण्यात आले. प्रवेशासाठी महापालिकेच्या संकेतस्थळावर दिवस व वेळ निवडून आगाऊ नोंदणी करण्याची सोय असून प्रत्येक वेळी मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो. गर्दी वाढल्यास पक्षी दूर जातात आणि अरुंद मार्गावर थांबून पाहणे अशक्य होते. त्यामुळे संख्येची मर्यादा हा अशा मार्गाच्या व्यवस्थापनाचा आवश्यक भाग ठरतो.

वृक्षसंरक्षणाचा प्रश्न

टेकडीवरील ब्रिटिशकालीन जलाशयाच्या पुनर्बांधणीचा महापालिकेचा प्रस्ताव २०२३ मध्ये वादग्रस्त ठरला. त्यात ३८९ झाडे बाधित होणार असल्याने स्थानिक रहिवासी व पर्यावरणप्रेमींनी विरोध केला आणि जुन्या जलाशयाची दुरुस्ती करण्याचा पर्याय मांडला. शहराचा पाणीपुरवठा व टेकडीवरील झाडी या दोन्ही सार्वजनिक गरजा येथे परस्परांसमोर उभ्या राहिल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत खुला झालेला उन्नत मार्ग हा त्याच झाडीचे मूल्य नागरिकांना जवळून दाखवणारा उपक्रम ठरला.

इतर वृक्षछत्र मार्ग

वर्षावनात झाडांच्या शेंड्यांलगत नेणाऱ्या मार्गांना वृक्षछत्र मार्ग म्हणता येते. घाना देशातील काकुम राष्ट्रीय उद्यानातील १९९५ साली खुला झालेला ३५० मीटरचा झुलता मार्ग प्रसिद्ध आहे. सिंगापूरमधील मॅकरिची जलाशयाजवळचा २५० मीटर लांबीचा झुलता पूल दोन टेकड्यांना जोडतो. तो २००४ साली खुला झाला. सह्याद्रीत कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातील कुवेशी येथे असा मार्ग उभारण्यात आला असून त्याची लांबी सुमारे २४० मीटर आहे. गोव्याच्या सीमेलगतच्या या भागात कोकणी व मराठी बोलणारी वस्ती आहे. या झुलत्या पुलांच्या तुलनेत मलबार टेकडीवरील मार्ग कमी उंचीचा व स्थिर आहे.

हे सुद्धा पाहा

मलबार हिल
कमला नेहरू उद्यान
फिरोजशहा मेहता उद्यान
देवराई