दिनविशेष : ३० मे

२०२५ मध्ये आजच्या दिवशी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनात प्रथमच १७ मुली होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने हे दार उघडले. पायदळाचे तेव्हाही बंदच होते. मुलींसाठी निकष सैल होतील, हा आक्षेप पोकळ नाही : जखमी जवानाला उचलणारी बाई आहे म्हणून त्याचे वजन घटत नाही. पण लष्कराच्या धावण्याच्या चाचणीत पुरुषांनाही वयानुसार वेगळी वेळ मिळते, आणि तिला कोणी सवलत म्हणत नाही. तंदुरुस्तीचे माप वेगळे असावे, कामाचे मात्र सर्वांना एकच. आणि ते आधी जाहीर हवे. मग अमरावतीजवळच्या वलगावच्या मुलीलाही नेमकी तयारी करता येईल. त्यासाठी शेजारी अमरावतीत १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहेच.