चोरासाठीं ठासलेली बंदूक : बालकाची कृति व धन्याचें उत्तरदायित्व

१

शस्त्र कोणीं बाळगावें, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १८५७ च्या उठावानंतरचें निःशस्त्रीकरण, लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा अकरावा कायदा आणि त्या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेनें केलेली तक्रार हीं प्रकरणें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेत. परंतु बाळगलेलें शस्त्र घरांत कसें ठेवावें, आणि तें बालकाच्या हातीं पडून अनर्थ घडल्यास जाब कोणाला विचारावा, हा दुसरा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा आहे. २०२१ सालीं अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत घडलेल्या हत्याकांडानंतर त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि असा प्रश्न जणूं प्रथमच उपस्थित होत आहे, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः त्याचीं मुळें दोनशें वर्षांमागील इंग्रजी न्यायनिर्णयांत असून त्याची एक शाखा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत आलेली आहे. ही परंपरा क्रमानें मांडून तींतून काय निष्पन्न होतें तें पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

२

या विषयावरील आधारभूत निर्णय इंग्लंडांतील किंग्ज बेंच न्यायालयानें १८१६ सालीं दिला. कायद्याच्या ग्रंथांत तो डिक्सन विरुद्ध बेल या नांवानें ओळखला जातो. वादी व प्रतिवादी एकाच घरांत भाड्यानें राहत असत. आसपास चोऱ्या होऊं लागल्यामुळें प्रतिवादीनें तेथें एक बंदूक ठासून ठेविली होती. तींत छापखान्याचे खिळे भरलेले होते. पुढें त्यानें तें घर सोडलें आणि बंदूक आणण्याकरितां आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मोलकरणीस पाठविलें. रंजक, म्हणजे बार पेटविण्यासाठीं कानाशीं घातलेली दारू, काढून मग बंदूक मुलीच्या हातीं द्यावी, असा निरोप त्यानें घरमालकास दिला होता. घरमालकानें त्याप्रमाणें केलें, तसें मुलीस सांगितलें व बंदूक तिच्या स्वाधीन केली. मुलीनें ती स्वयंपाकघरांत टेकून ठेविली. थोड्या वेळानें तिनें ती उचलली, आतां गोळी घालतें असें खेळांत म्हणत वादीच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलावर रोखली आणि चाप ओढला. बार उडाला. मुलाचा एक डोळा व दोन दात गेले. ज्यूरीनें वादीस शंभर पौंड नुकसानभरपाई देवविली.

आपण निरोप पाठवून योग्य ती खबरदारी घेतली होती, असा प्रतिवादीचा बचाव होता. तो मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनीं मान्य केला नाहीं. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा कीं, ज्यानें बंदूक भरून ती अपाय करण्यास समर्थ केली, त्यानेंच ती निरुपद्रवी करावयास पाहिजे होती. बार उडवून टाकून किंवा आंतील ऐवज काढून घेऊन हें सहज करतां आलें असतें. तें न करतां घातक स्थितींतील वस्तु त्यानें एका पोरीच्या हातीं जाऊं दिली, म्हणून परिणामाचा भार त्याच्यावर आहे.

या निर्णयांत दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, बंदूक चोरासाठीं भरली होती आणि लागली ती एका बालकास. घरांत भरलेलें शस्त्र ठेवणारा आजहि बहुधा याच भीतीचें कारण सांगतो. दुसरी ही कीं, चाप ओढणारी मुलगी स्वतःच अल्पवयी होती. मुलें हातीं लागेल त्या वस्तूशीं खेळणारच, हें धन्यानें गृहीत धरावयास पाहिजे. म्हणून मुलाची कृति मध्यें आल्यानें धन्याचा दोष तुटत नाहीं, असें तत्त्व या निर्णयांतून निघतें.

३

पुढील काळांत हें तत्त्व बापलेकांच्या संबंधास लागू झालें. आयर्लंडांतील १९०४ च्या सलिव्हन विरुद्ध क्रीड या खटल्यांत एका शेतमालकानें भरलेली बंदूक घोडा चढवून कुंपणाशीं उभी करून ठेविली होती. पंधरा-सोळा वर्षांचा त्याचा मुलगा त्या वाटेनें आला. बंदूक भरलेली आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. त्यानें ती थट्टेनें रस्त्यावरील एका इसमावर रोखली, बार उडाला व तो इसम जखमी झाला. भरपाईचा बोजा बापावर पडला.

मात्र मुलाच्या हातून इजा झाली कीं बाप दोषी, असा नियम न्यायालयांनीं कधींच केला नाहीं. १९५२ च्या डोनाल्डसन विरुद्ध मॅक्निव्हन या खटल्यांत तेरा वर्षांच्या मुलास हवेची बंदूक देतांना ती घराच्या तळघराबाहेर वापरावयाची नाहीं, असें बापानें बजावलें होतें व मुलानें तसें वचन दिलें होतें. वचन मोडून त्यानें ती बाहेर चालविली व एका लहान बालकाच्या डोळ्यास इजा झाली. तेथें बाप निर्दोष ठरला. १९५९ च्या न्यूटन विरुद्ध एजर्ली या खटल्यांत बारा वर्षांच्या मुलाजवळ शिकारीची बंदूक होती. इतर मुलांसमवेत ती वापरूं नये, एवढी ताकीद बापानें दिली होती. पण तशी वेळ आलीच तर ती कशी हाताळावी, हें शिकविलें नव्हतें. तेथें बाप जबाबदार ठरला. ताकीद दिली होती काय, एवढ्यावर न्यायालय थांबलें नाहीं. ती ताकीद पुरेशी मानणें शहाणपणाचें होतें काय, हें त्यानें पाहिलें.

या सर्व खटल्यांचें एक साम्य असें कीं, ते दिवाणी होते. धन्यास पैसे द्यावे लागले. त्याला कोणीं गुन्हेगार म्हटलें नाहीं.

४

अमेरिकेंत हा प्रश्न फौजदारी कायद्याच्या कक्षेंत आला. भरलेलें शस्त्र अल्पवयी मुलाच्या सहज हातीं लागेल असें ठेवणें हाच गुन्हा ठरविणारा कायदा तेथें प्रथम फ्लोरिडा राज्यानें १९८९ सालीं केला व पुढें अनेक राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. उलट बाजूस, घरांतील बंदूक सुटी करून किंवा चापास कुलूप घालूनच ठेविली पाहिजे, हा राजधानी वॉशिंग्टनचा नियम सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हेलर खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं रद्द केला. अशा बंधनामुळें स्वसंरक्षणाच्या वेळीं शस्त्र निरुपयोगी ठरतें, हें त्याचें कारण. चोराचें भय आणि बालकाचें भय यांचा झगडा १८१६ सालीं होता तोच येथें संविधानाच्या भाषेंत उभा राहिलेला दिसतो.

मिशिगनचें प्रकरण यानंतरचें. ऑक्सफर्ड या गांवांतील विद्यालयांत ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. आणखी सात जण जखमी झाले. पिस्तूल बापानें चारच दिवसांपूर्वीं विकत आणलें होतें. त्याच दिवशीं सकाळीं मुलाच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचें चित्र व भयसूचक शब्द आढळल्यावरून शाळेनें आईबापांस बोलावून घेतलें होतें. घरांत पिस्तूल आहे हें त्यांनीं सांगितलें नाहीं, मुलास घरीं नेलें नाहीं, आणि शाळेनेंहि त्याचें दप्तर तपासलें नाहीं. त्या वेळीं मिशिगनांत शस्त्राच्या ठेवणीचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून अमलांत आला. म्हणून आईबापांवर हेतुरहित मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यांत आला. २०२४ च्या फेब्रुवारींत आई व मार्चांत बाप दोषी ठरले आणि एप्रिलांत प्रत्येकास दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

येथें एक अडचण आहे व ती टाळून चालणार नाहीं. १८१६ व १९०४ मधील मुलें खेळत होतीं. मिशिगनच्या मुलानें ठरवून हत्या केली. त्याच्यावर प्रौढाप्रमाणें खटला चालून त्याला जन्मठेप झाली. म्हणजे सरकारनें एका न्यायासनापुढें त्याला आपल्या कृत्यास पूर्ण जबाबदार म्हटलें, आणि दुसऱ्यापुढें तो आईबापांच्या स्वाधीन असलेला बालक होता असें प्रतिपादिलें. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं कशीं, हा आक्षेप पोकळ नाहीं. मिशिगनच्या अपील न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें त्यास असें उत्तर दिलें कीं, मुलाची कृति हेतुपूर्वक असली, तरी या विशिष्ट पुराव्यावरून ती आईबापांस आधीं दिसण्याजोगी होती किंवा कसें, हें ज्यूरीनें ठरवावें.

५

आमच्याकडील परंपरा याहून निराळी आहे. निष्काळजीपणानें मृत्यु घडविण्याचें ३०४-अ हें कलम दंडसंहितेंत १८७० सालीं घालण्यांत आलें. त्याचा अर्थ करतांना मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनीं १९०२ च्या ओंकार रामप्रताप खटल्यांत सांगितलें कीं, मृत्यु हा आरोपीच्या निष्काळजीपणाचा साक्षात् परिणाम असला पाहिजे, दुसऱ्याचा निष्काळजीपणा मध्यें येतां कामा नये. मुंबईच्या एका कारखान्यांतील आगीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं हीच कसोटी स्वीकारली. तेथें मृत्यूच्या आरोपांतून व्यवस्थापक सुटला. परंतु आगीविषयीं आवश्यक ती दक्षता न घेतल्याबद्दलची त्याची शिक्षा कायम राहिली. आमच्या विषयास हा भेद फार उपयोगी आहे.

शस्त्रांच्या बाबतींत मात्र आमचा वाद हक्काभोंवतींच फिरत राहिला, आणि त्याचें कारण पारतंत्र्यांत आहे. परवान्याच्या कायद्यांतून युरोपियनांस सूट व देशी माणसास बंदी, हा अपमान होता. म्हणून १९३१ च्या कराची ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या मर्यादेंत मागितला गेला, आणि डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. असा हक्क सर्वांसच दिल्यास तो गुन्हेगारांसहि मिळेल, आणि आग्रह धरावयाचा तर राज्याच्या रक्षणार्थ शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, अशी त्यांची भूमिका होती. कर्तव्याचा हा विचार घरांतील पेटीपर्यंत यावयास मात्र वेळ लागला. शस्त्राच्या सुरक्षित ठेवणीविषयीं स्वतंत्र नियम २०१६ च्या शस्त्रनियमांत आढळतो.

६

वरील विवेचनावरून पुढील अनुमान काढणें युक्त होईल. ज्यानें शस्त्र घातक केलें त्यानेंच तें निरुपद्रवी ठेवावें, हें कर्तव्य निदान १८१६ पासून स्पष्टपणें मान्य आहे. त्याविषयीं खरा मतभेद नाहीं. मतभेद आहे तो कर्तव्यच्युतीच्या मापाविषयीं. हें माप केवळ मृतांच्या संख्येवरून ठरविल्यास दोन सारख्याच बेफिकीर गृहस्थांपैकीं एकास काहींच शिक्षा होत नाहीं आणि दुसऱ्याचा तुरुंगवास त्याच्या मुलाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहतो. म्हणून उघडें शस्त्र ठेवणें हाच, अनर्थ घडो वा न घडो, स्वतंत्र व सौम्य गुन्हा असावा. आणि मनुष्यवधाचा जड आरोप, मुलाच्या मनांतील धोका ज्याच्या समोर उघड झाला होता व तो टाळणें ज्याच्या हातांत होतें, त्याच्यापुरताच राखून ठेवावा. मुंबईच्या परंपरेची सावधगिरी व एलेनबरोंचें तत्त्व यांचा मेळ अशा रीतीनेंच बसूं शकतो. शिक्षेनें गेलेला डोळा परत येत नाहीं. बंदुकींतील बार वेळींच काढून ठेवला असता तर तो वांचला असता, एवढेंच त्या जुन्या खटल्याचें सांगणें आहे.