रुमाल सोडला की

साल 1898. परभणीजवळच्या पूर्णेला जंक्शन व्हायचं आहे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गाडीही अजून सुरू झालेली नाही. निजामाचा अंमल, महसुलाच्या कागदावर फसली साल. तुम्हाला जायचंय वाईला, म्हणजे इंग्रजी मुलखात. बैलगाडीनं निघालात तर हाडं खिळखिळी होतील, म्हणून तेवढा प्रवास आपण गाळू.

वाईच्या गल्लीत पस्तिशीचा एक गृहस्थ तुमच्या पुढे झपझप चालतोय. धाप लागलीय तुम्हाला, त्याला नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. 1891 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले, थोडे दिवस मास्तरकी केली आणि सोडली. बायको वारली, पुन्हा लग्न केलं नाही. आता घरोघरी जुने कागद मागत फिरायचं, हाच धंदा.

वाड्याच्या दारात पहिला प्रश्न येतो, "सरकारातनं आलात का?" मालक उगाच घाबरत नाही. इंग्रजांच्या इनाम कमिशननं सनदा मागितल्या, ज्यांना दाखवता आल्या नाहीत त्यांची इनामं गेली. ही गोष्ट त्यानं आजोबांकडून ऐकलेली असते. कागद दाखवला की जमीन जाते, नाहीतर भाऊबंद कोर्टात खेचतो. त्यामुळे "आमच्याकडं काही नाही हो" हे उत्तर ठरलेलं. तुम्ही परत फिरायला लागता. राजवाडे ओटीवर बैठक मारतात.

बऱ्याच वेळानं माळ्यावरून कागदांचा रुमाल खाली येतो. फडक्याची गाठ सुटते, धूळ नाकात जाते, कसरीनं खाल्लेल्या कडांचा भुगा मांडीवर पडतो. मधला कागद मात्र चिवट आहे, बोटाला खळीचा गुळगुळीतपणा लागतो. हा दौलताबादी असला तर तुमच्याच मराठवाड्यातला, कागजीपुऱ्यात हातानं केलेला. वर एक सरळ रेघ, तिला लोंबणारी मोडी. दोन शब्दांत जागा नाही, बोरू उचलायला लिहिणाऱ्याला सवड नव्हती. तारीखही साधी नाही: 'छ', म्हणजे चंद्र, पुढे आकडा आणि मुसलमानी महिना. सालाचा उल्लेख बहुधा नाहीच. जंत्री मांडून, आतल्या मजकुराशी ताडून पाहिल्यावर साल हाती लागतं.

इथे लागतं ते 1760. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ उत्तरेतल्या गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिताहेत: यमुनेवर नावा जमवा, पैसा पाठवा. नद्यांना पाणी आलंय, फौज अडकलीय. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, 14 जानेवारी 1761 चं पानिपत ठाऊक आहे. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नाही, आणि अशा कागदाची किंमत त्यातच आहे. बखरकार पानिपत झाल्यावर लिहितो, म्हणून त्याला सगळी लक्षणं आधीच दिसतात. राजवाडे बखरींवर आणि इतिहासकार ग्रँट डफवर तुटून पडले ते अशा कागदांच्या जोरावर.

त्याच 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, 1750 ते 1761 च्या कागदांचा. पुढे असे 22 खंड झाले. संध्याकाळी राजवाडे स्वतः चूल पेटवतात. पानात काय पडेल ते निमूट खा, तक्रार ऐकून घेणारा हा माणूस नव्हे.

याच शतकात अमेरिकेत लायमन ड्रेपर सरहद्दीवरच्या जुन्या लढवय्यांचे कागद गोळा करत हिंडला आणि 1891 साली वारला. त्याचा संग्रह विस्कॉन्सिनमध्ये टिकला, पण स्वतःची पुस्तकं त्यानं फार थोडी पुरी केली. कागद छापल्यावाचून राजवाड्यांना धीर निघत नसे, ते बरंच झालं.

आता चला बीडजवळच्या पाटांगणला, घराच्या बाजूनं. तिथे राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची पोथी मिळाली. ती एकनाथांनी 1584 साली शुद्ध केलेल्या प्रतीच्याही आधीची, असा त्यांचा दावा. 1909 मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. दाव्यावर वाद झाला आणि तो मिटवणं अवघड, कारण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना मिळाली नाही. अस्सल कागदासाठी दारोदार फिरलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं! ते व्युत्पत्ती लावायला बसले की तर्काला लगाम राहत नसे, हेही खरंच. पण त्यांची अनुमानं बाजूला ठेवली तरी छापलेला कागद उरतो. 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही त्यांच्या पुढाकारानं. पुढे तिथल्यांशी बिनसलं. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले.

परभणी जिल्ह्यात देशमुखी, देशपांडेपण, कुलकर्ण असलेली घरं काही कमी नव्हती. तुमच्याही माळ्यावर मोडीतलं, फारसीतलं किंवा उर्दूतलं दप्तर असेल, तर घर पाडायच्या घाईत ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कागद सपाट ठेवा, फोटो काढा, छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या मंडळात जाणकाराला दाखवा. आणि फोटोसोबत गाव, घराणं, कुठल्या रुमालात सापडलं, एवढं लिहून ठेवा.