ओळखीची किंमत

इस्राएल लोकांचा भार एकट्याने वाहणे अशक्य झाले, तेव्हा मोशेने लोकांनाच आपल्या वंशांतून माणसे निवडावयास सांगितली. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ही हकिगत येते. ती माणसे सुज्ञ व समंजस असावीत, एवढ्यावर तो थांबला नाही. ती लोकांच्या परिचयाची असावीत, अशीही अट त्याने घातली. न्यायदाता लोकांनी निवडायचा, तर ही तिसरी अटच सर्वांत अवघड ठरते.

आपल्याकडे न्यायाधीशांची नेमणूक होते, निवडणूक नव्हे. परंतु निवडून आलेले न्यायदाते महाराष्ट्राच्या कायद्याला एके काळी मान्य होते. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतींचे स्वतंत्र प्रकरण होते. काही गावांचा गट करावा, त्यातील पंचायतींनी सदस्य निवडून द्यावेत आणि त्यांनी लहान दिवाणी दावे व किरकोळ गुन्हे यांचा निवाडा करावा, अशी ती योजना होती. वकिलाला तेथे स्थान नव्हते. गरिबाचा खर्च वाचावा आणि त्याला त्याच्याच भाषेत न्याय मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

तो काळ गावांचा होता. भाईंदर, नवघर, मीरा, काशी, घोडबंदर येथे १९८५ पर्यंत ग्रामपंचायतीच होत्या. अशा गावांत उमेदवार कोण, कसा, हे सांगण्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैही जाण्याचे कारण नव्हते. चर्चच्या पटांगणात, मिठागराच्या बांधावर, मासळीच्या बाजारात माणसाची पारख होऊन गेलेली असे. मात्र फुकट मिळणारी ही ओळख निर्मळ नसते. तिच्यात भाऊबंदकी असते, जुने वैर असते, सावकाराची भीती असते. ज्याच्या बांधाला बांध लागलेला, त्यानेच निवाडा द्यायचा, तर निःपक्षपातीपणा टिकावा कसा? गटबाजी आणि कायद्याच्या ज्ञानाचा अभाव हे देशभरच न्यायपंचायतींवरचे मुख्य आक्षेप होते. १९७५ साली महाराष्ट्राने हे प्रकरण अधिनियमातून वगळले. पुढे २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात न्यायाधिकारी आला, तो नेमलेला, निवडलेला नव्हे.

जेथे न्यायाधीश आजही मतदानाने निवडले जातात, तेथे अडचण उलट आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने वरिष्ठ न्यायालयांच्या निवडणुकीत मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढले. मग लाखो मतदारांपुढे केवळ अनोळखी नावे उरली. म्हणून २००२ च्या कायद्याने उमेदवारांची माहितीपुस्तिका सार्वजनिक निधीतून छापून घरोघरी पाठविण्याची तरतूद केली. करदात्याने स्वेच्छेने नेमून दिलेले तीन डॉलर आणि वकिलांची वर्गणी यांवर तो निधी उभा होता. २०१३ साली तो मोडीत निघाला. माहिती देण्याचा खर्च थोडा असला, तरी तो वाचवावा असे वाटणारे पुष्कळ असतात.

हा प्रश्न आपल्या दारी दुसऱ्या वेषात आला. २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. त्याच वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने संसद आणि विधानसभांच्या उमेदवारांविषयी निर्णय दिला: उमेदवारावरील गुन्हे, त्याची मालमत्ता व शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. १३ मार्च २००३ च्या निकालाने तो हक्क पक्का केला. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. उत्तन, डोंगरी, राई, मोर्वा येथील जुनी घरे आता या गर्दीत आहेत. पूर्वीची ओळख येथे पुरत नाही.

मार्च २०२५ मध्ये शहरात स्वतःचे न्यायालय सुरू झाले. तेथील न्यायाधीश आपण निवडत नाही, नगरसेवक मात्र निवडतो. त्यांची प्रतिज्ञापत्रे मिळवणे, सोप्या मराठीत मांडणे, वस्तीवस्तीत लावणे यासाठी पैसा लागतो. सार्वजनिक तिजोरीने तो दिला नाही, तर उमेदवार स्वतःच्या खिशातून देईल आणि स्वतःला हवे तेवढेच सांगेल. मग ती किंमत आपण पुढील पाच वर्षे भरू. मोशेची तिसरी अट गावात निसर्गतःच पुरी होत होती. शहरात ती आपल्यालाच पुरी करावी लागेल.