एकेरी मार्गाचे टोकन

बोरीबंदरहून निघालेली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, हे बाळकुमच्या शाळेतला विद्यार्थीही सांगेल. पुढे रेल्वे देशभर पसरली तेव्हा अनेक ठिकाणी एकेरी मार्ग टाकले गेले. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही एकेरी मार्गाचीच होती. अशा मार्गावर दोन स्टेशनांमध्ये रूळ एकच असतो आणि गाड्या मात्र दोन्ही दिशांनी येतात. समजा, दोन्हीकडच्या स्टेशनमास्तरांनी एकाच वेळी पाहिले, दोघांनाही मार्ग मोकळा दिसला आणि दोघांनीही गाडी सोडली. दोघांचेही निरीक्षण खरे आहे, तरीही अपघात अटळ आहे. चूक कोणाची?

चूक आहे ती ‘पाहणे’ आणि ‘ताब्यात घेणे’ यांच्यामध्ये राहिलेल्या फटीची. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या नील यांच्या टोकनयंत्राने ही फट बुजवली. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असतात आणि त्यांत धातूचे गोळे असतात. एका यंत्रातून एक गोळा बाहेर आला, की तो पुन्हा कोणत्यातरी एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचाच मार्ग. येथे पाहणे आणि घेणे या दोन क्रिया उरतच नाहीत, त्यांची एकच अखंड क्रिया होते.

संगणकातही नेमका हाच प्रश्न येतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. स्मृती, फाईली आणि प्रोसेसरचा वेळ यांचे वाटप कर्नल करतो. स्मृतीचे एखादे पान किती प्रोग्राम वापरत आहेत, याची तो मोजदाद ठेवतो. आता वर्गात एक प्रयोग करा. फळ्यावर ७ लिहा. दोन विद्यार्थ्यांना सांगा, आकडा वाचा, जागेवर जाऊन त्यात १ मिळवा आणि उत्तर फळ्यावर लिहा. दोघांनी एकदम वाचले तर दोघेही ८ लिहितील. उत्तर ९ हवे होते. एक वापरकर्ता हिशेबातून गळाला. कर्नलमध्ये असे झाले, की एक प्रोग्राम पान वापरत असतानाच ते ‘रिकामे’ ठरते आणि दुसऱ्याला दिले जाते. दोघांपैकी एकाचाही गणिती नियम चुकलेला नाही. शिवाय तोच प्रयोग पुन्हा केला, तर उत्तर बरोबरही येईल. अशा दोषांचा खरा त्रास हाच आहे.

डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी प्रसिद्ध केली. एका वेळी एकालाच प्रवेश देणारे जे साधन त्यांनी वापरात आणले, त्याला त्यांनी नाव दिले सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल! टोकन घेताना फट राहू नये म्हणून ‘तपासा आणि लगेच घ्या’ अशी एकच अखंड आज्ञा प्रोसेसरमध्येच ठेवली जाते. टोकनयंत्रांना जोडणाऱ्या तारेचे काम ही आज्ञा करते.

परंतु टोकने किती ठेवायची? १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये एकाहून अधिक प्रोसेसर चालवण्याची सोय झाली, तेव्हा जवळजवळ सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठे कुलूप होते. ठाण्यापासून थेट कल्याणपर्यंत एकच गोळा ठेवावा, तसे हे झाले. सुरक्षितता मिळते, पण बाकीचे प्रोसेसर खोळंबतात. हे कुलूप पूर्णपणे काढायला २०११ साल उजाडले. कर्नलचा कोणता भाग नकळत त्याच्या आधारावर उभा आहे, हे एकेक करून शोधावे लागले. लहान कुलपे वाढली तशी नवी कोंडीही आली. पहिल्याने ‘अ’ कुलूप घेतले आणि तो ‘ब’ साठी थांबला. दुसऱ्याने ‘ब’ घेतले आणि तो ‘अ’ साठी थांबला. दोघेही कायमचे थांबले.

फट किती काळ लपून राहते, याचे उदाहरण २०१६ मध्ये मिळाले. एखाद्या प्रोग्रामला फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या फाईलच्या पानावर स्वतःपुरते काही लिहायचे असेल, तर कर्नल आधी त्या पानाची खासगी प्रत काढतो आणि मग प्रतीवर लिहितो. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या धाग्याने ती प्रत टाकून दिली, तर लेखन थेट मूळ फाईलवर होई. सामान्य वापरकर्ता अशा रीतीने संपूर्ण संगणकाचा मालक होऊ शकत असे. अँड्रॉइड फोनही यातून सुटले नाहीत. ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला हा दोष २००७ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी ही फट २००५ मध्येच बुजवण्याचा प्रयत्न केला होता, पण ती दुरुस्ती आयबीएमच्या एका संगणक-जातीवर अडचणीची ठरली आणि मागे घ्यावी लागली. त्या काळी केवळ कागदावरची वाटणारी शक्यता पुढे संगणक बदलल्यावर सहज घडवून आणता येऊ लागली. २०१६ ची दुरुस्ती मोजक्या ओळींची होती. प्रत काढल्याची खूण ठेवायची आणि ती प्रत अजून तिथेच आहे याची खात्री करूनच लिहायचे.

मग असे दोष पकडायचे कसे? २००६ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिनक्समध्ये आणलेले ‘लॉकडेप’ हे साधन कुलपे कोणत्या क्रमाने घेतली जातात याची नोंद ठेवते. एकीकडे ‘अ’ नंतर ‘ब’ आणि दुसरीकडे ‘ब’ नंतर ‘अ’ असे दिसले, की प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही ते इशारा देते. २०२० मध्ये आलेले ‘केसीसॅन’ स्मृतीतील एखाद्या जागेवर पहारा बसवते, काम क्षणभर रोखून धरते आणि तेवढ्यात दुसरा कोणी तेथे हात घालतो का ते पाहते. पहिले साधन अपघाताची वाट न पाहता नियमभंग शोधते, तर दुसरे फट मुद्दाम रुंद करून पाहते.

फळ्यावरचा प्रयोग दहा वेळा करून दहाही वेळा ९ आले, तर विद्यार्थी म्हणतील, ‘सर, बरोबर आहे.’ तेव्हा त्यांना विचारावे, दहा वेळा टक्कर झाली नाही, एवढ्यावर तुम्ही टोकनाशिवाय गाडी सोडाल का? आणि मग खडू एकच ठेवून, ज्याच्या हाती खडू त्यानेच आकडा वाचायचा आणि लिहायचा, असा नियम घालून प्रयोग पुन्हा करावा.