प्रसूतिपूर्व तपासणी : ग्रामीण महाराष्ट्रातील अडथळे

दिवस राहिल्यापासून कळा सुरू होईपर्यंत गरोदर स्त्रीची ठरावीक अंतराने होणारी तपासणी. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि जोखमीच्या मातेला वेळेत वरच्या दवाखान्यात पाठवणे हीही तिचीच अंगे. भारतात किमान 4 तपासण्यांचा दंडक आहे : पहिली 12 आठवड्यांच्या आत, शेवटची 36 आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये किमान 8 भेटींची शिफारस केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) किमान 4 तपासण्या झालेल्या मातांचे प्रमाण देशात 58 टक्के होते. 2018–20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 मातांचा, तर महाराष्ट्रात 33 मातांचा मृत्यू झाला. राज्याच्या या चांगल्या सरासरीखाली मेळघाट, धडगाव, भामरागड आणि ऊसतोडीचे तालुके झाकले जातात.

निकषानुसार सपाट प्रदेशात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. हा हिशेब डोक्यांचा आहे, वाटेचा नाही. नंदुरबारच्या अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा तालुक्यांत पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांसाठी नर्मदेवर तरंगता दवाखाना चालवावा लागला. भामरागडला पर्लकोटेचा पूर दर पावसाळ्यात रस्ता तोडतो. अडलेल्या बाईला झोळीतून आणल्याची बातमी होते. त्याच वाटेमुळे आधीच्या चार तपासण्या बुडाल्या, याची होत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांकडून तपासणी होते, पण दुर्गम भागात जीप सुटते ती आठवडी बाजाराच्या दिवशी. सोनोग्राफीसाठी तालुका किंवा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे.

सर्वांत अवघड प्रश्न स्थलांतराचा. दसरा-दिवाळीनंतर बीड व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाच-सहा महिन्यांचा हा हंगाम गर्भारपणाचा मोठा भाग गिळतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचलही (आगाऊ रक्कम) कोयत्यावरच मिळते. ती एक दिवस दवाखान्यात गेली तर त्याचेही काम अडते आणि मुकादम खाडा लावतो. पहाटेच्या थंडीत फडात शिरायचे, पाचट काढायचे, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, परत येऊन कोपीवर चूल पेटवायची. सहाव्या-सातव्या महिन्यातही यात फारशी सूट नसते. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात असते आणि फड दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या आशाताईच्या यादीत ती नसते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असले, तर निदान आधीचा रक्तदाब व हिमोग्लोबिन कळते; ते गावी पेटीत राहिले की नवी नर्सबाई पहिल्यापासून सुरुवात करते. बहुतेक वेळा तीही होत नाही, कारण तोडणीची टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. अशा बाईला ‘बेफिकीर’ म्हणणे सोपे आहे, खरे नाही.

कमी प्रमाणात हेच पहिलटकरणीच्या बाबतीत रिवाजानेच घडते. नोंदणी सासरी होते, सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी जाते. रक्तदाब वाढण्याचा धोका असतो त्याच दिवसांत दप्तर बदलते.

तपासणी झाली तरी ती पुरी होतेच असे नाही. वजन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन आणि पोटाची तपासणी एवढे दर वेळी व्हायला हवे. महिन्याचे सत्र अनेक गावांत अंगणवाडीच्या एकाच खोलीत भरते. एका कोपऱ्यात पोरे खिचडी खात असतात, पडदा नसतो. मग पोट तपासायचे राहते आणि कार्डावर खूण मात्र होते. रक्तक्षयाचेही असेच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 52 टक्के गरोदर स्त्रियांत हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे 11 ग्रॅमच्या खाली आढळले. लोहाच्या 180 गोळ्या हातात पडतात, पण मळमळते, शौच काळे होते, ‘बाळ काळे होईल’ किंवा ‘पोटात फार वाढेल’ असे कुणी सांगते आणि पाकीट फळीवर पडून राहते. हे सारे दोन वाक्यांत समजावायला लागणारा वेळ एकट्या नर्सबाईकडे नसतो. मेळघाटात तर ते कोरकू भाषेत समजावावे लागते.

कायद्याच्या अडथळ्याबद्दल क्वचितच बोलले जाते. याच सर्वेक्षणात राज्यातील 20–24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अल्पवयीन गरोदर मुलगी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिच्या संरक्षणासाठीची ही तरतूद नवऱ्यावर व दोन्ही घरांवर गुन्ह्याची टांगती तलवार ठरते. परिणामी जिला सर्वाधिक जोखीम तिचेच वय वाढवून सांगितले जाते, किंवा कळा येईपर्यंत तिला घरात ठेवले जाते.

योजनांची वाण नाही. नवसंजीवनी योजना (1995), आशा व जननी सुरक्षा (2005), जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम (2011), आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना (2015) अशी ही रांग आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मात्र पहिल्या अपत्यापुरते, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000; तिसऱ्या-चौथ्या खेपेची, अंगात रक्त नसलेली बाई त्यातून सुटते. आदिवासी भागांतील माहेरघर योजनेत प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राच्या आवारात राहण्याची सोय होते. ती घेण्याआधी घरची लहान पोरे, शेळ्या आणि बुडणारी मजुरी कोण सांभाळणार हे तिला ठरवावे लागते, आणि प्रसूतीच्या तोंडावर मिळालेला हा निवारा आधीच्या आठ महिन्यांची भरपाई करू शकत नाही.