मनसबदारी आणि सिंदखेडचे जाधवराव
मनसबदारी ही अकबराने रूढ केलेली मोगल दर्जापद्धती. ‘जात’ या आकड्यावरून सरदाराचा हुद्दा व व्यक्तिगत वेतन ठरे. ‘सवार’ म्हणजे त्याने पोसायचे घोडेस्वार. वेतन रोख किंवा जहागिरीच्या महसुलातून मिळे. कागदावरची जमा आणि प्रत्यक्ष वसुली यांत मोठी तफावत असे. दख्खनेत तर फारच. म्हणून शाहजहानच्या काळी वर्षाचा पगार आठ किंवा सहा महिन्यांच्या हिशेबाने धरत. जहागीर बदलती, देशमुखीचे वतन मात्र वंशपरंपरागत. सिंदखेडराजाच्या (जि. बुलढाणा) लखुजी जाधवरावांचे बळ या वतनात होते. निजामशाही सोडून ते मोगलांकडे गेल्यावर त्यांच्या कुटुंबाला मिळून २४,००० जात व १५,००० सवारांची मनसब लाभली. पुढे ते निजामशाहीत परतले. १६२९ मध्ये दौलताबादेच्या दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली.